करंगळी

छत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. समास किंवा अलंकार रंगात येऊ लागले, की हमखास मागच्या बाकावरून एक करंगळी वर यायची. "सर, एकीला जाऊ?" पलीकडच्या कानडी वर्गातही तेच चाले, फक्त शब्द वेगळा. 'एकी'चे तिथे 'ओंदक्के' आणि 'दुकी'चे 'एरडक्के'. आमच्या बेळगाव भागात दोन भाषांचे पटणार नाही अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण देहधर्माला आकड्यांच्या पडद्याआड ठेवायचे, यावर दोघींचे एकमत आहे. मी मान हलवायचो, मुलगा पळायचा, समास पुढे चालू व्हायचा.

निवृत्तीनंतर एके दिवशी मनात आले, ही करंगळी पुढे कुठे जाते? मिसरूड फुटले की माणूस ती खाली करतो आणि पुन्हा वर करीत नाही. आणि वय साठीच्या पुढे सरकते, म्हणजे ती वर करण्याची खरी गरज पडते, तेव्हा तर तो हातच खिशात घालून बसतो. मीही तसाच बसलो होतो. माझ्या एका मित्राने वर केलेली करंगळी मला दिसली नाही आणि माझी स्वतःची वर करायला मला कोल्हापूरच्या वाटेवर अडकून पडावे लागले, त्याची ही हकीकत.

मी २०१२ साली निवृत्त झालो आणि टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरायला जाऊ लागलो. बेळगावकरांना हे आवार सांगायला नको. जुनी झाडे, मोकळी हवा, आणि फिरून झाल्यावर बसायला जागा. तिथे आमचे पाचजणांचे टोळके जमले. वडगावात यंत्रमाग चालवणारे आप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर, रेल्वेतले भाऊ, पाटबंधारे खात्यातले अण्णा आणि मी, म्हणजे 'मास्तर'. अण्णा कानडी. आम्ही त्यांच्याशी मराठीत बोलायचो, ते आमच्याशी कधी मराठीत, कधी कानडीत बोलायचे आणि रागावले की हमखास कानडीत.

गप्पांना विषय कमी नव्हते. १९५६ सालची प्रांतरचना, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, दुकानांच्या पाट्या, रिंगरोडच्या जमिनी, कुंदा कुणाकडचा चांगला. अण्णा आणि भाऊ सीमाप्रश्नावर एकमेकांचा आवाज बसेपर्यंत भांडायचे आणि मग एकाच बशीतला चहा प्यायचे. रक्तदाब, साखर, गुडघे यांच्याही गोळ्यांची नावे एकमेकांना तोंडपाठ होती. पण कमरेखाली गुडघ्यापर्यंत मधे काही अवयव असतात, याचा उल्लेख आमच्या कट्ट्यावर कधी झाला नाही. भाषेच्या हक्कासाठी जन्म घालवलेली माणसे आम्ही. या एका मुलखात मात्र आम्हांला एकही भाषा बोलता येत नव्हती.

२०१८ सालच्या गणपतीनंतरची गोष्ट. फिरून झाल्यावर बाकीचे पुढे गेले होते. आप्पा मागे रेंगाळले आणि चपलेने माती उकरीत म्हणाले, "मास्तर, मूळव्याध उपटलीय बघा परत. लाल पडतंय."

मूळव्याध हा शब्द मोठा गमतीचा आहे. मराठीत मूळव्याध, कानडीत मूलव्याधि. सीमेच्या दोन्ही बाजूंना चालणारे हे एकच नाणे. माणसाने ते काढले, की पुढचा प्रश्न कुणी विचारीत नाही. मीही विचारला नाही. मी म्हणालो, "तिखट कमी करा आप्पा. सावजी मटण बंद करा, ताक प्या." आप्पा हसले. मीही हसलो. विषय संपला.

त्यांनी करंगळी वर केली होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो.

आप्पांनी ताक प्यायले. मग कुणीतरी सांगितले म्हणून 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन' अशी पाटी लावलेल्या एका ठिकाणी गेले. तिथे पुड्या मिळाल्या, मलम मिळाले. आठ महिने हेच चालले. त्या आठ महिन्यांत त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा जावेसे वाटे, बसले की थोडी आव आणि रक्त पडे, आणि उठल्यावर पोट साफ झाले नाही असेच वाटत राही. पँटचा पट्टा दोन भोके आत गेला. पाडव्याच्या सुमारास कट्ट्यापर्यंत चालताना ते धापा टाकू लागले. आम्ही म्हणालो, वय झाले. ६६ हे काही धापा टाकायचे वय नव्हे, हे आमच्यातल्या कुणाला सुचले नाही.

२०१९च्या जूनमध्ये त्यांच्या थोरल्या मुलाने त्यांना जवळजवळ ओढूनच इस्पितळात नेले. हिमोग्लोबिन ७ निघाले. तिथल्या सर्जनने त्यांना कुशीवर झोपवले, हातमोजा घातला आणि बोटाने तपासले. एक मिनिटसुद्धा लागले नाही. गाठ बोटाला लागत होती.

हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहितो. गाठ बोटाला लागत होती. आठ महिने पुड्या देणाऱ्याने एकदाही हातमोजा घातला नव्हता आणि आप्पांनीही, कुणी घालू नये म्हणून मनात देवाचे आभारच मानले असतील. पुढची दुर्बीण, तुकडा, स्कॅन हे सगळे झाले, तेव्हा यकृतावरही डाग दिसले. मलाशयाचा कर्करोग आपली जागा सोडून निघाला होता.

मग मार्ग अडू लागला म्हणून पोटावर पिशवी करावी लागली. आप्पांनी कट्ट्यावर येणे बंद केले. "वास येईल हो," म्हणायचे. आम्ही त्यांच्या घरी जायचो. खाली मागांचा खडखडाट आणि माडीवर आम्ही. तिथेही आम्ही पाट्यांबद्दल बोलायचो, सुताच्या भावाबद्दल बोलायचो. पिशवी धुणे, बदलणे सगळे वहिनी करीत. त्या पिशवीविषयी आमच्यापैकी एकाही पुरुषाने वहिनींना, "जमतं ना? काही आणून देऊ का?" एवढे विचारले नाही.

शेवटच्या भेटीत आप्पा म्हणाले, "मास्तर, पहिल्यांदा तुम्हांलाच सांगितलं होतं हो मी." आवाजात तक्रार नव्हती. उलट, विश्वासाने सांगितले होते, अशी आठवण करून दिल्यासारखे ते म्हणाले. तेच जास्त लागले. २०२०च्या फेब्रुवारीत ते गेले.

एवढे झाल्यावर मी शहाणा झालो असेन, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण आप्पांचे दुखणे दुकीचे होते आणि माझे एकीचे. माणूस स्वतःची फसवणूक करायला एवढा फरकही पुरेसा मानतो.

रात्री उठावे लागे. आधी एकदा, मग दोनदा, मग किती ते मी मोजणे सोडले. धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागे आणि संपली असे वाटून बाहेर आलो की पुन्हा थेंब पडत. गडद रंगाच्या पँटी शिवून घेतल्या. लांबचे कार्यक्रम टाळू लागलो. वाचनालयातल्या व्याख्यानाला गेलो तर दाराजवळची खुर्ची धरायची. हे सगळे मी इतके सफाईने करीत होतो, की मलाच ते कळत नव्हते.

२०२१च्या नोव्हेंबरात कोल्हापूरला भाचीचे लग्न होते. सर्दी झाली होती म्हणून दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. बसमध्ये थांबवायला नको म्हणून निघताना जोर धरून ठेवला. निपाणीच्या पुढे ओटीपोटात कळ सुरू झाली. कागलला बस थांबवून उतरलो, उभा राहिलो, काही होईना. लग्नघराऐवजी मी कोल्हापुरात एका दवाखान्याच्या टेबलावर पोहोचलो. नळी घातली तेव्हा ९०० मिलिलिटर लघवी निघाली. त्या क्षणी मला त्या नळी घालणाऱ्या पोराच्या पाया पडावेसे वाटले. नंतर कळले, की सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात आणि काहींनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर दार पूर्णच बंद होते.

बेळगावला परत आल्यावर मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेलो. पत्नी बरोबर होती. डॉक्टर तरुण होते, मूळचे हुबळीकडचे. त्यांनी विचारले, "रात्री एष्टु सल एळ्तीरि?" रात्री किती वेळा उठता? मी म्हणालो, "एरडु, मूरु." दोन-तीन. मागून पत्नी शांतपणे म्हणाली, "सहा." डॉक्टरांना मराठी फारसे येत नव्हते, पण सहा हा आकडा त्यांना बरोबर कळला. त्यांनी कागदावर तोच लिहिला.

ती दोन वर्षे माझ्या न्हाणीघराच्या दिव्याचा उजेड मोजत पडून राहिली होती. "मग बोलली का नाहीस?" मी घरी येऊन विचारले. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला समजावले ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली बसलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते आणि आतल्या नळीला आवळते. म्हणून बारीक धार, म्हणून रात्रीचे उठणे. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि या वाढीचा कर्करोग होतो असेही नाही. उलट, कर्करोग पुष्कळदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून दूर. त्यामुळे सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. ज्याला त्रास आहे त्याला बहुधा कर्करोग नसतो, आणि ज्याला तो सुरू झाला आहे त्याला त्रास नसतो. समासाच्या विग्रहासारखे हे मला दोनदा समजून घ्यावे लागले. लघवीत किंवा वीर्यात रक्त येणे, कमरेचे किंवा पाठीचे हाड सतत दुखणे, वजन घटणे ही लक्षणे आली तर मात्र थांबायचे नाही.

रक्ताची एक तपासणी असते, पीएसए नावाची. ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन रक्तात किती उतरले आहे, ते ती मोजते. ४च्या वर आकडा गेला की डॉक्टर भुवया उंचावतात, अशी जुनी रीत आहे. माझा निघाला ११. मी रात्रभर मृत्युपत्राचा मसुदा करीत होतो. सकाळी डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबली होती, नळी घातली होती, त्यानेही आकडा चढतो. सहा आठवडे थांबा. जंतुसंसर्गाने चढतो, नुसत्या वयाच्या वाढीनेही चढतो. सहा आठवड्यांनी तो ६ झाला. तरीही ६ काही ४ नव्हेत. म्हणून एमआरआय झाला, त्यात एक छोटी जागा संशयास्पद दिसली, मग सुईने बारा तुकडे काढले. बारांपैकी दोनांत कर्करोग निघाला.

इथपर्यंतची गोष्ट मला आप्पांच्या वाटेने चालली आहे असे वाटत होते. इथून ती वळली. डॉक्टर म्हणाले, याची प्रत सौम्य आहे, ३ अधिक ३, म्हणजे ६. अहवालात कर्करोगाला देतात त्यांपैकी हा सर्वांत खालचा आकडा. अशा कर्करोगाला तुमच्या वयात लगेच कापायचे किंवा किरण द्यायचे नसतात. लक्ष ठेवायचे. सहा महिन्यांनी रक्त, ठरल्या वेळी एमआरआय, गरज पडली तर पुन्हा तुकडा. तो बहुधा तुमच्याबरोबरच म्हातारा होईल. शस्त्रक्रियेने किंवा किरणांनी लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, पुरुषत्व जाऊ शकते. ती किंमत गरज नसताना कशाला द्यायची? नळीसाठी स्नायू सैल करणारी गोळी सुरू करू, फक्त झोपेतून उठताना एकदम उठू नका, चक्कर येईल.

शरीरात कर्करोग आहे आणि त्यावर औषध घ्यायचे नाही, हे मराठी मनाला पचायला जड. पहिले काही महिने मला वाटे, पैसे नाहीत असे समजून तर हा सांगत नाही ना? आता चार वर्षे होत आली. आकडा ५ आणि ६ यांच्या दरम्यान येरझाऱ्या घालतो आहे. मीही घालतो, व्हॅक्सिन डेपोत.

कट्ट्यावर सांगायचे की नाही, याचा मी पंधरा दिवस विचार केला. मग एका सकाळी, अण्णा आणि भाऊ पाट्यांवरून भांडत असताना, मी करंगळी वर केली. दोघे गप्प झाले. "एन्री मास्तर?" अण्णांनी विचारले. मी म्हणालो, "सांगायचंय." आणि सगळे सांगितले. सहाचा आकडा, नळी, बारा तुकडे, आणि आप्पांचे ताक.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग पोस्टमास्तर म्हणाले, "मी पाच वेळा उठतो." त्यांच्या तोंडून एखादे न पोचलेले पत्र बाहेर पडावे तसे ते वाक्य पडले. भाऊ म्हणाले, "मी बादलीच ठेवलीय खाटेखाली." आणि आम्ही चौघे म्हातारे हसत सुटलो. इतके हसलो, की फिरायला आलेल्या बायका वळून पाहू लागल्या. शेवटी अण्णा हळूच म्हणाले, "नाचिके." नाचिके म्हणजे लाज. "आप्पा नाचिकेनं गेला." तो कर्करोगाने गेला, हे आम्हांला ठाऊक होते. तरी अण्णांचे म्हणणे कुणी खोडले नाही.

त्यानंतर आमच्या कट्ट्यावर हा विषय येऊ लागला. डॉक्टरांना विचारून, वाचून आम्ही एकमेकांना शिकवू लागलो. आतड्याच्या कर्करोगाची रीत प्रोस्टेटपेक्षा निराळी. तिथे बहुधा आधी आतड्याच्या आतल्या अस्तरावर छोटा मोड येतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळे मोड बिघडत नाहीत. पण जे बिघडतात त्यांना पुष्कळदा दहा-दहा वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत दुर्बिणीने पाहून मोड काढून टाकला, तर कर्करोग व्हायच्या आधीच टळतो. म्हणजे इथे नुसते लवकर सापडणे नाही, तर मुळातच न होऊ देणे आहे. त्यासाठी मलाची एक साधी तपासणी असते. डोळ्यांना न दिसणारे रक्त ती शोधते. इंग्लंडात २०१९पासून सरकार तिचा नव्या पद्धतीचा संच टपालाने घरी पाठवते. पोस्टमास्तरांना हे ऐकून टपाल खात्याचा अभिमान वाटावा की संकोच, ते कळेना. आपल्याकडे २०१६ साली सरकारने गावपातळीवरच्या तपासणीची आखणी केली, त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग आहेत. आमचे हे दोन त्यात नाहीत. म्हणजे आमच्या दारी कुणी येणार नाही, आम्हांलाच तोंड उघडावे लागणार.

मात्र एक खूणगाठ बांधून ठेवावी. ही तपासणी त्रास नसलेल्यासाठी. ज्याला डोळ्यांनी रक्त दिसते आहे, ज्याच्या शौचाची जन्माची सवय काही आठवड्यांपासून बदलली आहे, ज्याला जाऊन आल्यावरही साफ वाटत नाही, ज्याचे वजन किंवा हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरले आहे, त्याने संच मागवीत बसू नये, थेट डॉक्टरकडे जावे आणि बोटाने तपासायला सांगावे. डॉक्टर विसरला तर आठवण करावी. बहुतेकांना मूळव्याधच निघेल. निघू दे. पण ती तपासून निघावी, लाजून नव्हे.

अण्णांनी २०२२ साली ती मलतपासणी करून घेतली. त्यांना काहीच त्रास नव्हता. रक्त आहे असे उत्तर आले. दुर्बिणीच्या आदल्या रात्री पोट धुण्याचे औषध प्यावे लागते, त्याची गोष्ट अण्णा अजून रंगवून सांगतात. "मास्तर, एरडक्के अल्ल, इप्पत्तक्के होदे!" दोनला नव्हे, वीसला गेलो! दुर्बिणीत दोन मोड निघाले, एक १४ मिलिमीटरचा. तिथल्या तिथे काढले. तपासणीत कर्करोग नव्हता, पण पुढे बिघडू शकणाऱ्या जातीचे होते. तीन वर्षांनी पुन्हा बघायला सांगितले होते, त्याप्रमाणे यंदा २०२५ साली पाहिले; आतडे स्वच्छ होते. अण्णा त्या दिवशी कट्ट्यावर कुंद्याचा डबा घेऊन आले. सगळ्यांनी खाल्ला आणि आप्पांच्या वाट्याचा तुकडा डब्यात तसाच राहिला.

भाऊंचे प्रकरण उलटे. ते आता ७९ वर्षांचे आहेत. कुठल्याशा जाहिरातीत सवलतीच्या दरात सगळ्या शरीराची तपासणी वाचून ते पीएसएसकट सगळे करून घ्यायला निघाले. लघवीचा त्रास त्यांनी डॉक्टरांना दाखवून झाला होता, गोळीने तो बराही होता. माझ्या डॉक्टरांना मी विचारले. ते म्हणाले, ७०च्या पुढे नुसती चाळणी म्हणून पीएसए करण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त संभवतो. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१८ साली हेच सांगितले. ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे, ७०नंतर सरसकट करू नये. ज्या रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० साली प्रोस्टेटमधला असा पदार्थ शोधला, त्यांनीच २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या तपासणीचा सरसकट वापर ही मोठी चूक आहे असे म्हटले. कारण माझ्यासारखा सौम्य कर्करोग पुष्कळ म्हाताऱ्यांत असतो. तो सापडला की माणूस घाबरतो, कापून घेतो आणि उरलेले आयुष्य लंगोट बदलीत काढतो. भाऊंनी पॅकेज रद्द केले, पण गाल फुगवून. "तुम्ही दोघांनी तपासून घेतलं, मलाच काय धाड भरलीय?" म्हणाले. जास्त तपासणे म्हणजे जास्त शहाणपण नव्हे, हे रेल्वेतल्या माणसाला पटवायला आठवडा गेला.

मोठी माणसेही या बाबतीत आमच्यासारखीच असतात. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांना १९८१ साली, निवडून आल्यावर काही महिन्यांतच प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे कळले होते. देशाला ते १९९२मध्ये, शस्त्रक्रिया झाली तेव्हा कळले. १९९६च्या जानेवारीत ते वारले. उलट रेगन यांचे आतड्याचे ऑपरेशन १९८५ साली सगळ्या जगाला ठाऊक झाले, मोड कर्करोगाचा होता हेही सांगितले गेले, आणि पुढे ते २००४ सालापर्यंत, ९३ वर्षे जगले. २०२४च्या जानेवारीत इंग्लंडच्या राजाने आपली प्रोस्टेट वाढली आहे, उपचाराला जातो आहे, असे जाहीर करून टाकले. तेव्हा तिथल्या हजारो पुरुषांनी आपल्या लक्षणांची चौकशी सुरू केली. राजाने करंगळी वर केली, की प्रजेलाही धीर येतो. आपल्या घरात राजा म्हणजे थोरला माणूस. त्याने वर करावी.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरते नाही. आप्पांना कर्करोग झाला म्हणजे त्यांच्या मुलांनी चाळिशीपासूनच आतड्याची तपासणी करून घ्यायला हवी. हे मला कळले तेव्हा आप्पांना जाऊन दोन वर्षे झाली होती. मी वडगावला गेलो. माग चालू होते. थोरला आवाज बंद करून बाहेर आला. तो ४३चा. मी त्याला सगळे सांगितले. अगदी सुरुवातीपासून, माझ्या ताकाच्या सल्ल्यासकट. हे सांगायला मला तिथे जायलाच हवे होते. तो खाली बघत म्हणाला, "सर, मला माहीत होतं. अप्पांनी सांगितलं होतं. ते म्हणाले, मास्तरांना मी नीट सांगितलं नाही."

आप्पांनी जाता जाता माझी चूक आपल्या अंगावर घेतली होती.

थोरल्याने तपासणी करून घेतली. काही निघाले नाही. धाकटा अजून टाळतो आहे. मी दर महिन्याला त्याला फोन करतो. तो माझा विद्यार्थी होता, आठवीत. मागच्या बाकावर बसायचा आणि व्याकरणाच्या तासाला हटकून करंगळी वर करायचा. आता मीच त्याला फोनवर विचारतो, "काय रे, जाऊन आलास का?"

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घर भरलेले असेल. पुण्याचा मुलगा, बंगळूरची मुलगी, नातवंडे सगळी आलेली असतील. नरक चतुर्दशीला पहाटे उठून सगळे उटणे लावतील. त्या धांदलीत वडिलांना एवढेच विचारा, "बाबा, रात्री किती वेळा उठता?" ते म्हणतील, "दोन-तीनदा." त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. आईकडे बघा. तिला खरा आकडा ठाऊक आहे.